एक हिसका

उन्हाळ्याने यंदा जाता जाता मुक्काम वाढवला होता. कोरडा वारा सकाळीच दोरवाल्यांच्या आवारात शिरायचा आणि वाखाला सुखाने राहू द्यायचा नाही. वाख म्हणजे पानं कुजवून, बडवून काढलेले पांढरट धागे. ओले असले तर सांगाल तसे वळतात, कोरडे पडले की सावत्र होतात. बोटांतून सुटतात, मधेच तुटतात, कुसळं होऊन मनगटात शिरतात. विहिरीने तळ दाखवला होता, म्हणून भिजवायच्या टाकीतलं पाणी जपून वापरायचं असा सासूबाईंचा हुकूम होता. त्यात बंदरावरच्या व्यापाऱ्याने लांब आणि जाड दोर मागितले होते, आणि पाऊस लागायच्या आत ते ट्रकवर चढायला हवे होते.

धाकटी सून कमरेला वाखाचा जुडगा बांधून उलट्या पावलांनी चालत होती. दोर वळायचा तर असंच चालावं लागतं. तोंड चाकाकडे, पाठ जिकडे जायचं तिकडे. उजव्या तळव्यात ओलं फडकं, त्यातून वाख सुटतो, चाकाच्या आकड्याला अडकवलेलं टोक गरगर फिरतं आणि वाखाला पीळ चढून एक पेड तयार होतो. असे तीन पेड एकमेकांत वळले की झाला दोर. ऐकायला सोपं, पण पहिले काही आठवडे तिच्या हाताला धड घास धरता येत नव्हता.

चाकावर तिचा नवरा. त्याला सगळे उंट्या म्हणत, त्याची आईसुद्धा, कारण उंची दारात न मावणारी आणि मान पुढे काढून चालायची खोड. आवार लांबलचक, आणि चाकाची करकर अशी की टोकावरून कुणी बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. म्हणून दोर वळणाऱ्यांचं बोलणं दोरातूनच चालतं. लांबच्या टोकाने एक हिसका दिला की थांब. दोन दिले की चालव. एवढ्या दोनच शब्दांवर या आवारात पिढ्या निघाल्या होत्या, आणि घरातलं बाकीचं बोलणंही फार लांब गेलं नव्हतं.

या बोलीत मात्र उंट्या पक्का होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिचं बोट पेडात गुंतलं होतं. तिने घाबरून एक हिसका दिला, आणि चाक जागच्या जागी थांबलं. तो धावत आला, उलटा पीळ देऊन बोट सोडवलं, आणि म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांच्या वेळी, म्हणजे माझ्या बाबांच्या वेळी गं, एका मजुराचा अंगठा असाच गेला. मी हिसका आला की आधी थांबतो, मग विचार करतो." तिला तो माणूस त्या क्षणी आवडला. खरं सांगायचं तर लग्नात तिने त्याला धड पाहिलंही नव्हतं.

पण आवडायला जेमतेम महिना मिळाला. हंगाम सुरू झाला आणि तो माल घेऊन बंदराकडे गेला. तिथून बाजाराच्या गावांना, तिथून आणखी पुढे. सोबत नेहमीचे हमाल, नेहमीचा ट्रक. त्याचा थोरला भाऊही याच ट्रकवर, याच माणसांबरोबर वर्षानुवर्षं जायचा. आता उंट्या परत आला होता, आणि आल्यापासून त्याची बायको थोरल्या जावेच्या शेजारी अंथरूण घालत होती.

कारण सांगितलं होतं अंगातली कणकण. पण कणकण तरी किती दिवस पुरणार?

*

दुपारी जेवायला सगळे छपरात बसले. थोरलीने सगळ्यांना वाढलं आणि मग आपलं ताट घेऊन उंबऱ्यापाशी गेली. घरातले पाण्याचे मग माठाजवळच्या फळीला ओळीने अडकवलेले असत. थोरलीचा मग बाहेर, पन्हळीखालच्या खिळ्याला. तो तिथे कुणी लावला, कधी लावला, याबद्दल घरात कुणी बोलत नसे. थोरला वारला तेव्हा सासूबाईंनी साऱ्या गावाला छातीचं दुखणं सांगितलं होतं, आणि गावाने मान हलवली होती. गावाला सगळं माहीत होतं. दवाखान्यात थोरलीचंही रक्त तपासलं आणि तिलाही एचआयव्ही निघाला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी न चुकता गोळी घेत होती आणि दिवसभर दोन माणसांचं काम उपसत होती.

"धाकटे," सासूबाई म्हणाल्या, "तुझी कणकण आहे का गेली?"

"बघते आई."

"बघायचं काय त्यात? नवरा हंगाम मारून घरी आलाय. नातवंड काय वाऱ्याने येतं होय?"

उंट्या ताटात बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. धाकटी उठली, बाहेर गेली, पन्हळीखालचा मग काढला, माठातलं पाणी त्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर उभ्याने प्यायली. सासूबाईंचा घास तोंडापाशीच थांबला. थोरली घाईने म्हणाली, "अगं, माझा आहे तो." धाकटीने मग विसळला आणि परत त्याच खिळ्याला लावला. फळीला लावायची हिंमत अजून झाली नव्हती.

*

ही हिंमत, जेवढी होती तेवढी, तिला माल तोलायच्या काट्याच्या शेडमध्ये मिळाली होती. पुरुष हंगामावर असताना दवाखान्यातल्या नर्सबाई तिथे तरुण मुलींचा आणि नव्या सुनांचा वर्ग घ्यायच्या. आरोग्याचा वर्ग म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं, बाळंतपणाचं काही असेल. त्यांनी दोन्ही सुनांना हौसेने पाठवलं. थोरलीला कशाला, असं शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धाकटीला सोबत."

बाळंतपणाचंही निघालं तिथे, पण ते शेवटी. आधी आजार कसा येतो ते. मग कसा येत नाही ते: एका मगातून पाणी प्यायल्याने नाही, एका अंथरुणावर बसल्याने नाही. आणि मग नर्सबाई म्हणाल्या, आता बोलायला शिका. मुली खिदळल्या. बोलायला काय शिकायचं, आमची तोंडं तर बंदच होत नाहीत. "मग जोड्या करा," नर्सबाई म्हणाल्या. "एकीने नवरा व्हायचं. नवरा म्हणेल, जवळ ये. दुसरीने म्हणायचं, आज नाही. किंवा म्हणायचं, आधी तपासून येऊ. एवढंच."

शिंपिणीच्या मुलीने कोळशाने मिशा काढल्या आणि ती असा काही नवरा झाली की हसून सगळ्यांची पोटं दुखली. धाकटीची पाळी आली. तिच्या तोंडून निघालं, "नको ना."

"हे लाडाचं झालं," नर्सबाई म्हणाल्या. "पुन्हा."

"नको हो."

"ही विनवणी झाली. पुन्हा."

एवढासा शब्द, पण तोंडाबाहेर येईना. घरात कुणी तिला तो कधी म्हणूच दिला नव्हता. आईने नाही, बापाने नाही, आणि इथे तर विचारायलाच नको. तेव्हा मागे भिंतीशी बसलेली थोरली पहिल्यांदा बोलली. "मला कळत होतं," ती म्हणाली. "यांची तब्येत उतरत होती, ते दिसत होतं. ट्रकवरची माणसं काय काय करतात, तेही कानावर होतं. भीती वाटायची. पण नाही म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं." मग तिने चेहरा गुडघ्यांत घातला. शिंपिणीच्या मुलीने मिशा पुसून टाकल्या. त्या दिवशी परत कुणी हसलं नाही.

धाकटीने तेव्हाच मनाशी गाठ मारली. थोरलीवर तिचा जीव होता, पण थोरलीच्या जागी जाऊन बसायचं नव्हतं. नवरा परत आला की दोघांनी रक्त तपासायचं, आणि तोवर आपण जवळ जायचं नाही. गाठ मारणं सोपं होतं. तोंडाने सांगायचं राहिलं होतं.

*

सांगितलं ते दिवे लागायच्या वेळी, भिजवायच्या टाकीपाशी. ती वाखाच्या जुड्या पाण्यात दाबत होती आणि तो बादली घेऊन आला.

"माझ्यावर रागावलीस का?" त्याने विचारलं. "काही आणलं नाही म्हणून?"

"नाही."

"मग कणकण खरंच आहे?"

"कणकण नाही." तिने हात पाण्याबाहेर काढले. "तुम्ही दवाखान्यात रक्त तपासून घ्या. मीही घेते. दोघं मिळून जाऊ. तोवर मी जवळ येणार नाही. तपासून झालं की नर्सबाई जे सांगतील तसं राहायचं. कंडोम वापरायला सांगितला तर तो वापरायचा."

एका दमात निघालं. लाडाचं नाही, विनवणीचं नाही. शेडमध्ये असं एकदाही जमलं नव्हतं.

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे संशय घेतेस माझा?"

"संशय नाही, भीती वाटते. तुम्ही त्याच ट्रकवर जाता."

"दादाचं माझ्या माथी मारू नकोस."

"दादांनी कुणाच्या माथी मारलं, ते रोज बघते मी. उंबऱ्यापाशी जेवते ती."

त्याने बादलीला लाथ मारली. बादली कलंडली आणि पाणी फुफाट्यात पसरून बघता बघता जिरून गेलं. घरातून सासूबाई ओरडल्या, "कुणी सांडलं रे पाणी? जीव काढून भरलंय!"

"हे त्या वर्गात शिकवलं ना तुला?" तो म्हणाला.

"हो. शिकवलं म्हणून तर म्हणता आलं."

तो मान पुढे काढून निघून गेला. ती टाकीच्या कडेला बसून राहिली. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही. नवरा गेला हातचा, असंच वाटत होतं.

*

पुरुषांचाही वर्ग आता सुरू झाला होता. तो ड्रायव्हरमामा घ्यायचे. पूर्वी ट्रकवर होते, आता दवाखान्याच्या कामावर. स्वतःचा आजार ते असा सांगत जसं कुणी आपलं गाव सांगावं. "मला एचआयव्ही आहे. रोज गोळी खातो. आणि तुम्हा लोकांपेक्षा दोन घास जास्तच खातो." हमाल आधी चहासाठी गेले, मग सवय लागली. उंट्या जाऊन मागे बसायचा आणि घरी येऊन गप्प राहायचा.

एका दुपारी वारा असा सुटला की वाख हातात घेताच तुटू लागला. सगळ्या आवारांची कामं थांबली. त्या दिवशी नर्सबाईंनी आणि मामांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मध्ये मोकळी जागा. मामा म्हणाले, "आज गडी बायका होणार."

शेड हास्याने दणाणली. ढोल्या नावाचा हमाल, दोन पोती एका खांद्यावर उचलणारा, नवरा व्हायला स्वतःहून उठला. बायको कोण? कुणीतरी उंट्याला ढकललं. मामांनी त्याच्या डोक्यावर ओढणी टाकली. एवढ्या उंच बाईच्या डोक्यावर ती काही राहीना, त्याने ती हनुवटीखाली धरली. धाकटीला हसू आलं आणि लाजही वाटली.

"ए, इकडे ये," ढोल्या मिशांवर हात फिरवत म्हणाला. "हंगाम मारून आलोय."

"आज नको," उंट्या म्हणाला.

"का नको?"

"नको म्हणजे नको. बरं वाटत नाही."

"तुला बरं वाटायला मी काय वैद्य बोलावू?" ढोल्याने त्याचं मनगट धरलं. लोक हसले. ढोल्याला आणखी जोर चढला, त्याने ओढायला सुरुवात केली. उंट्याने हात खेचला. एकदाच, पण जोराने. ढोल्याने सोडला नाही. ज्या हाताने पोती उचलायची तो हात, सुटणार कसा? उंट्या तसाच ओढला गेला, ओढणी पायात आली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकाएकी मावळलं.

"थांबा," मामा म्हणाले. "काय झालं रे?"

"सोडत नाही तो."

"तू काय केलंस?"

"हिसका दिला."

"मग?"

"मग काय? कळला त्याला. तरी सोडला नाही."

हे म्हणताना त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली. धाकटीने मान खाली घातली नाही. तो काहीतरी बोलणार होता, बोललाही असता. पण मागून कुणीतरी ओरडलं, "उंट्याला सवय आहे! त्याची बायको त्याला अंथरुणाबाहेरच ठेवते म्हणे!"

सासूबाई विहिरीवर शेजारणीपाशी जे रडल्या होत्या ते असं फिरत फिरत शेडमध्ये पोचलं होतं. पुन्हा हशा पिकला. मामांनी आवाज चढवून गप्प केलं, पण तोवर उंट्या ओढणी फेकून निघून गेला होता. धाकटीने ओढणी उचलून तिची घडी केली.

*

दुसऱ्या दिवशी वारा जरा पडला. सकाळीच दोघं कामाला लागली. उंट्या चाकावर बसला आणि फिरवू लागला, पण ते फिरवणं वेगळं होतं. पेडाला पीळ नुसता चढत नव्हता, चावत होता. ती उलट्या पावलांनी भराभर मागे सरत होती, वाख पुरा पडत नव्हता. थोडं हळू, हे सांगायला या बोलीत शब्द नाही.

आवाराच्या अर्ध्यावर तळव्यातलं फडकं निसटलं. सुका वाख गुंडाळी होऊन बोटांवर आला आणि पेडाने दोन बोटं पकडली. तिने एक हिसका दिला.

चाक फिरत राहिलं.

पीळ बोटांवरून तळव्यावर आला. कातडं ओढलं जात होतं. आणि तिला दुसरा हिसका देता येत नव्हता. दोन म्हणजे चालव. डाव्या हाताने पेड धरून ती किंचाळली, पण करकरीत किंचाळी कुठली पोचायला? तिने डोळे चाकाकडे लावले. तो इकडेच बघत होता. तो बघत होता आणि चाक फिरत होतं.

मग थांबलं.

थोरली वाख विंचरायची फणी टाकून धावत आली. जवळ येताच तिला स्वतःच्या हातांवरच्या भेगा आठवल्या आणि ते हात तिने मागे घेतले. "आई!" तिने हाक मारली. "आई, लवकर या!" सासूबाई आल्या. त्यांनी पेड कापला, उलटा पीळ सोडवला, जखमेवर पाणी धरलं. यावेळी पाणी किती गेलं ते त्यांनी पाहिलं नाही. तळव्याचं सालपट निघालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं.

"लक्ष कुठं होतं तुझं?" पट्टी गुंडाळता गुंडाळता त्या सुनेवर खेकसल्या. "हिसका द्यायचा नाही का?"

"दिला होता तिने," उंट्या म्हणाला. तो मागे येऊन उभा होता. "मला कळला होता."

"कळला होता म्हणजे?"

"कळला होता, आई. मी थांबलो नाही."

सासूबाईंचे हात थांबले. या आवारात याहून मोठा गुन्हा नव्हता. चाकावरच्या माणसाने हिसका ऐकला नाही तर त्याला पुन्हा कुणी चाकावर बसवत नसे. त्यांनी आपल्या मुलाकडे एकवार पाहिलं, मग गाठ मारून आणखी फडकं आणायला घरात गेल्या. थोरलीही त्यांच्या मागे गेली.

तो जमिनीवर बसला. बसल्यावरही तो तिच्या खांद्याएवढा उंच होता.

"काल ढोल्याने सोडला नाही ना हात," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, हा माणूस आहे की कोण आहे. आणि आज मी तेच केलं."

हात ठणकत होता.

"मी गेलो होतो," तो म्हणाला. "बाजाराच्या गावी. ट्रक लागला की सगळे जातात. नाही गेलं तर टिंगल करतात. लग्नाआधी नव्हतो गेलो कधी. या खेपेला गेलो. एकदाच नाही."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. राग आला, असा की त्याच्या तोंडावर थुंकावं. आपण महिनाभराच्या ओळखीवर सारा हंगाम याची वाट पाहिली, त्याचा राग. आणि हा माणूस आत्ता खरं बोलतोय हे कळत होतं, त्याचाही राग.

"उद्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही."

"हो."

"आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. इथंही आणि घरातही."

"हो," तो म्हणाला.

*

दवाखान्यात बाकावर माणसं दाटीने बसली होती. नर्सबाईंनी आधी तिच्या हाताची नीट पट्टी केली, कसं झालं ते विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं. उंट्या भिंतीकडे बघत राहिला. मग दोघांचं रक्त घेतलं. मग वाट पाहणं. समोर एक बाई पोराला थोपटत होती, पंखा एका जागी अडखळत होता. बाकाच्या टोकावर बसलेला तो आपले पाय कुठे ठेवावेत या विचारात होता, आणि तिला, राग असूनही, त्याची दया आली.

आत दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी ती. मग तो. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मला आहे," तो म्हणाला.

"मला नाही," ती म्हणाली.

आहे आणि नाही, हे दोन शब्द दोघांच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहिले. मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. तो हसला. रडवेलं, वाकडं, पण हसला. "बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं, तू कणकण काढलीस."

तेव्हा मात्र तिला रडू आलं. भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत.

नर्सबाईंनी मग दोघांना एकत्र बसवलं. गोळ्या आजपासून, रोज, जन्मभर. तिने तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पुढचं कसं राहायचं, मूल हवं असेल तर काय करायचं, ते सगळं त्या सांगणार होत्या, घाई नव्हती. राहायचं की नाही, तेही तिचं तिने ठरवायचं होतं. उंट्याच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं.

"मी मरणार का?" त्याने विचारलं.

"तुमची वहिनी कशी आहे?"

"वहिनी? दोर वळते. माझ्यावर ओरडते."

"मग तुम्हीही वळा दोर," नर्सबाई म्हणाल्या.

*

घरी सांगितलं ते उंट्यानेच, उभ्याने. सासूबाई माठाजवळ होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एक मुलगा गेलेल्या बाईला ओरडायलाही बळ लागतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि ही?"

"तिला नाही."

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. ज्या सुनेला विहिरीवर नावं ठेवली ती समोर पट्टी बांधून उभी होती. मग त्या वळल्या, फळीवरून उंट्याचा मग काढला आणि तसाच हातात धरून राहिल्या. बाहेर पन्हळीखाली थोरलीचा मग वाऱ्याने भिंतीवर टकटक करत होता. उंट्याने आईच्या हातातल्या मगाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो मग कुठे जाणार, हे त्याला कळलं होतं.

सासूबाई बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन मग होते. त्यांनी ते दोन्ही फळीला लावले, मुलाचा त्याच्या जागी, आणि थोरलीचा त्याच्या शेजारी. फळीवर जागा कमी होती, बाकीचे जरा सरकवावे लागले.

"थोरले," त्या थोरलीकडे न बघता म्हणाल्या, "आज आत बसून जेव."

थोरलीने तोंडाला हात लावला. जेवताना ती आत बसली.

*

माल द्यायचाच होता. धाकटीचा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून सकाळी तिने चाक घेतलं. वाखाचा जुडगा उंट्याने कमरेला बांधला. चाकावर बसणारा माणूस लांबच्या टोकाला, हे आवारात पूर्वी झालं नव्हतं. त्याच्या मोठ्या बोटांना वाख ऐकेना, पेडात गाठी येत होत्या, आणि फणीवर बसलेली थोरली ते बघून म्हणाली, "भावोजी, हा दोर की सापाने उंदीर गिळलाय?" तो जरासा हसला आणि उलट्या पावलांनी मागे जात राहिला. इतका मागे, की चेहरा दिसेनासा झाला. नुसती उंची दिसत होती.

तीन महिन्यांनी काय निघेल, ती या घरात राहील का, त्याच्या शेजारी पुन्हा अंथरूण घालेल का, यातलं काहीच धाकटीने ठरवलं नव्हतं. ती डाव्या हाताने चाक फिरवत होती, एवढंच.

अर्ध्यावर दोर खेचला गेला. एकदाच.

तिने चाक थांबवलं. करकर बंद झाली आणि आवारात वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. त्याचं बोट अडकलं नव्हतं. वाखही तुटला नव्हता. तो पेड दोन्ही हातांत धरून उभा होता, मान खाली, आणि त्याचे खांदे गदगदत होते.

"काय झालं गं?" छपरातून सासूबाईंनी विचारलं. "चाक का थांबवलंस?"

"थांब म्हणालेत," ती म्हणाली.

सासूबाई तिथेच खाली टेकल्या. थोरलीनेही फणी खाली ठेवली. कुणी त्याला हाक मारली नाही, कुणी त्याच्याकडे गेलं नाही. ऊन वर चढत होतं, भिजवलेला वाख सुकत होता, आणि तिघी जणी बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने दोर पुन्हा हलला. एकदा, आणि मग आणखी एकदा. धाकटीने डाव्या हाताची मूठ दांडीवर घट्ट केली आणि चाक फिरवलं.